पत्र्याखालची जागा

बायको गेल्याचा फोन हॉस्पिटलातून आला, तेव्हा धाकू बंदरावर होडी ओढत होता. पावसाळ्यात होड्या ठेवायच्या पत्र्याखाली एकच जागा उरली होती. "येतो" म्हणून त्याने फोन खिशात टाकला, होडी आत लावली आणि मगच गेला.

बाराव्याच्या पंगतीत शेजारचा पोशा म्हणाला, "नशिबाचा हायस दादा. आमच्या होड्या उघड्यावर कुजतील."

धाकूला स्वतःचीच किळस आली. त्याने हातातला घास पानात ठेवला.

"जेवून झालं की हात लाव," तो म्हणाला. "माझी होडी बाहेर काढू. ती जागा तू घे."

"येडा झालास काय? उघड्यावर झाप तरी घालशील ना?"

होडी झाकायला माडाच्या झावळ्यांचे झाप दर वर्षी बायकोच विणायची. होडी आता उघड्यावर आहे. पाऊस आठवड्यावर आला, आणि अजून एकही झाप विणून झालेला नाही.