देवीचं न्हाण

चांदीचा पत्रा झिजत होता आणि देवीच्या मुखवट्याचे गाल भरत चालले होते.

कारंजा गावात, चांदीचा मुलामा देणाऱ्या रज्जाकच्या ओसरीवर, काचेच्या हौदात दोन्ही समोरासमोर टांगलेले. मोटारीच्या बॅटरीची एक तार पत्र्याला, दुसरी मुखवट्याला. वीज वाहू लागली की पत्र्याची चांदी पाण्यात विरघळे आणि पलीकडे पितळेवर जाऊन बसे. पत्रा जेवढा हलका, मुखवटा तेवढा जड. रज्जाकनं हे काम अमरावतीला दोन वर्षं राबून शिकून घेतलं होतं. पाण्यात घातलेला क्षार मात्र जहरी. घोटभर पोटात गेला तर माणूस उठत नसे.

"पान्याले कोनी हात लावू नोका," एवढंच तो सगळ्यांना बजावत होता.

मुखवटा घेऊन आलेल्या गोजराबाईंना ते पटलं. देवी न्हात असताना पाण्याला कोण शिवेल? त्यांचं रोजचं व्रत होतं, देवीचं तीर्थ घेतल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही आणि तोवर परक्या माणसाचा स्पर्शही नाही. देवी सकाळपासून इथे, म्हणून त्याही इथे, माळ ओढत बसलेल्या. चैत्राचं ऊन. ओठ सुकून पांढरे पडलेले.

"माय, घरी जा. पानी प्या," रज्जाक म्हणाला.

"तुये रोजे मी कधी मोडले काय रे?" बाई हसल्या. "मंग माया व्रताच्या मांगं काहून लागून राह्यला?"

दिवस कलता मुखवटा वर निघाला, लख्ख. रज्जाकनं तो धुवायला बादलीत सोडला आणि मागे वळून पाहिलं. गोजराबाई पळी घेऊन हौदावर वाकल्या होत्या.

"थांबा, माय."

"कायले थांबू? देवी न्हायली यात. तीर्थच हाय थे."

पळी खाली गेली. रज्जाक धावला आणि त्यानं हौदाला लाथ घातली. हौद पलीकडे कलंडला, फुटला. पाणी मातीत शिरलं.

बाईंचा आवाज चढला नाही. "देवीच्या पान्याले लाथ मारली तू, रज्जाक."

"जहर होतं त्यात. घोट घेतला असता तं तुमी गेल्या असत्या."

बाई खाली बसल्या. त्यांनी ओल्या मातीकडे पाहिलं. त्या पाण्यात अजून कितीतरी चांदी होती, आणि मुंबईहून आणवलेला तो हौदही गेला होता.

"येवढं नुकसान कायले केलं बाबा? माया हात धरला असता तं भागलं असतं."

रज्जाक काचा वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "परक्या मानसानं शिवलं असतं तं तुमचं व्रत मोडलं असतं, माय."