औषधाची काळजी

दम्याच्या पंपाच्या खोक्यावरचं सील तसंच होतं. डॉक्टर निशाने चिमणाबाईच्या घरातल्या फडताळातून दुसरं खोकं उचललं. तेही कोरं करकरीत. तिसरं बघायचा तिला धीरच होईना.

"चिमणाबाई, अहो, हा पंप रोज ओढायचा होता! न चुकता!"

"दम लागल्यावर ओढायचा न्हवं?" चिमणाबाई बावरली. "लागलाच न्हाय, मग कशाला वाया घालवू? जपून ठेवलंया सगळं."

निशाने खोकं खाली ठेवलं. दम्याचा झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध कितपत गुण देतं, यावर राजारामपुरीतल्या दवाखान्यात तिचं संशोधन चाललं होतं. उचगावची ही चिमणाबाई म्हणजे तिचा हुकमी एक्का. पूर्वी तिला वरचेवर रिक्षात घालून आणावं लागे. ओठ निळे, बोलायची ताकद नाही. पंप दिला आणि झटका म्हणून आला नाही. औषध चालू आहे ना, असं विचारलं की बाई मान डोलवायची, आणि एवढी शिकलेली निशा त्या मानेवर विसंबून राहिली. रविवारी सांगलीच्या डॉक्टरांपुढे ती हिचंच उदाहरण देणार होती. आता कोणत्या तोंडाने देणार?

पण मग ही बाई बरी झाली कशाने?

निशाने इकडेतिकडे पाहिलं. पंपाची खोकी स्वयंपाकघरातल्या फडताळात होती. फडताळाखालची भिंत काजळीने काळी होती, म्हणजे खाली चूल असायला हवी होती. तिथे नुसती सारवलेली जमीन होती.

"चूल कुठं गेली?"

"घरामागं परड्यात हलवली," दारात उभा असलेला पिराजी, चिमणाबाईचा नवरा, म्हणाला. "वर छप्पर घातलं. डासांसाठी शेणीची धुरी करत हुतो, ती बंद केली. बिडी ओढायला मी बी भाईर जातो. घरात धूर म्हणून न्हाय."

निशा बघतच राहिली. गेलं संशोधन खड्ड्यात! बायकोच्या दम्यापायी चूल हलवणारा, बिडी घराबाहेर काढणारा गडी तिने जन्मात पाहिला नव्हता. ती पिराजीकडे वळली.

"पिराजीराव, धन्य आहे तुमची. बायकोसाठी एवढं कोण करतं हो?"

"लगीन झाल्यापास्नं सांगत हुतो मी, धूर सोसंना म्हणून," चिमणाबाई भिंतीकडे बघत पुटपुटली. "कुणी ऐकलं न्हाय."

पिराजी गोंधळला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फडताळाकडे.

"हिच्यासाठी न्हवं वो, डाक्टरीणबाई. तुम्हीच बजावलंसा न्हवं, पंपाला धग लागू देऊ नगा म्हणून? मग धूर तरी कसा लागू द्यायचा? बाईमाणसाला धुराची सवय असती. औषध खराब झालं असतं की!"