लेन्सचं टोपण

पोपटरावाने पहिली लेन्स पाट्यावर ठेवली आणि वर वरवंटा हाणला. काचेचे तुकडे मार्थाच्या अर्धवट वाटलेल्या मिरचीत जाऊन पडले.

"फिल्म कुठं हाय?"

दोन गड्यांनी शमुवेलचे हात मागे पिरगाळून धरले होते. एकाने कानाखाली अशी ठेवून दिली की तोंडात रक्ताची चव आली. आतल्या खोलीत कोंडलेली त्याची बायको मार्था दार बडवत होती.

दौंडहून विलायतेला परतणाऱ्या रेल्वेच्या साहेबांकडून शमुवेलने या लांब पल्ल्याच्या लेन्सा एकेक करून मिळवल्या होत्या. अकरा वर्षांत फक्त चार. पुण्याचे फोटोग्राफर मुद्दाम बघायला यायचे. पोपटरावाने दुसरी फोडली, तिसरी फोडली. घाई म्हणून नव्हती मेल्याला.

परवा दुपारी भीमेच्या पलीकडच्या, शिरूरच्या काठाला पोपटरावाने म्हस्कूला कुऱ्हाडीने तोडलं, तेव्हा शमुवेल अलीकडे करकोच्यांचे फोटो घेत होता. त्याने घाईघाईने सगळ्यांत लांब लेन्स चढवली आणि खटके दाबले. पोपटरावाने ते पाहिलं. लेन्सवर टोपण तसंच राहिलंय, हे मात्र तेव्हा दोघांनाही कळलं नाही; शमुवेलला ते घरी लेन्स काढताना दिसलं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी असते. टोपण राहिलं तरी डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं. फिल्म धुतली तर ते फोटो कोरे. फोटोग्राफरला याहून मोठी लाज नाही. शमुवेलने मार्थालाही सांगितलं नव्हतं.

पाट्यावर चौथी आली, तीच लांब लेन्स. शमुवेलला रडू फुटलं. लाज गेली खड्ड्यात, सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"फोटू नसता," पोपटराव वरवंटा उचलत गड्यांना म्हणाला, "तर साक्षीला म्हस्कूची बायकू धुरपदा तेवढी उरली असती. बाईला हिरीत ढकलाया कितीसा येळ लागतोय?"

शमुवेलने तोंड मिटलं. वरवंटा पडला. मग गड्यांनी त्याचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि पोपटरावाने बोटांवरही तसाच घाव घातला.

शमुवेल गुरासारखा ओरडला. ओरडून झाल्यावर, चर्चच्या शब्बाथ शाळेत दर रविवारी पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारा तो माणूस धापा टाकत म्हणाला, "फिल्म इथं न्हाई, पोपटराव. पाद्रीसाहेब कालच शिरूरच्या फौजदाराकडं घेऊन गेले. आता धुरपदाला मारून तुमचं काय सुटणार न्हाई."

वर गेलेला वरवंटा तसाच राहिला. आत मार्थाचं दार बडवणंही थांबलं.

"माजं त्वांड दिसतंय त्यात?" पोपटरावाने हळूच विचारलं.

"कपाळावरला घामसुद्धा दिसतोय."

पोपटरावाने वरवंटा खाली ठेवला. पटक्याच्या शेमल्याने कपाळ पुसलं, आणि मग पुन्हा एकदा पुसलं.