दीपालीची तबकडी

दीपालीने स्वतः लिहिलेली गाणी नागपुरातल्या भाड्याच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. घरमालकिणीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात. त्या गाण्यांची ग्रामोफोनवर वाजते तशी तबकडी निघाली, तेव्हा पहिली प्रत तिने सिंदेवाहीला बाबांकडे आणली.

पोचूभाऊंनी हात पुसून ती मांडीवर घेतली. "दोन्ही बाजूंनी गाणे हायेत?"

"हो."

"वाजते कशावर?"

"त्याले मशीन लागते, बाबा. आपल्याकडे नाई."

हे सांगताना तिला जरा बरंच वाटलं. बाबांसमोर ती कधीच गायली नव्हती, आणि यातली निम्मी गाणी त्यांच्यावरच होती.

"मंग तूच म्हण ना, माय."

ती भिंतीकडे पाहत गाऊ लागली. तबकडीवर होती त्याच क्रमाने, तेवढ्याच हळू आवाजात. चार-पाच गाणी झाल्यावर तिने चोरून मागे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"एक बाजू झाली," असं पुटपुटत ती उठली. कामावरून थकून आलेल्या माणसाला झोपू द्यावं, असं तिला वाटलं.

पोचूभाऊंनी डोळे न उघडताच मांडीवरची तबकडी अलगद उलटी केली.

"बस खाली. आता या बाजूचे म्हण."