विवाहित विरुद्ध अविवाहित

चमच्यांच्या खणात पास्कालचे दोन पासपोर्ट. एक पोलंडचा, तांबडा. दुसरा जर्मनीचा, तोही तांबडाच.

टपरीवर सॉसेज भाजतायत आणि मोहरीची चटणी संपलीय.

त्याच्या फुटबॉल क्लबच्या करारात तीन गोष्टींना बंदी: मोटारसायकल, स्कीइंग, बाहेरचा फुटबॉल.

मार्चमध्ये नगरपालिकेत दोन सह्या झाल्या. फुलं नव्हती.

फादर हुबेर्टना शिट्टी सापडत नाहीये.

जूनमधला रविवार, चर्चची जत्रा, दुपार. पोलंडमधल्या ओपोलेजवळच्या त्या गावात दरवर्षीचा सामना: विवाहित विरुद्ध अविवाहित. विवाहितांना निळे शर्ट, अविवाहित उघडे. मैदानाच्या मधोमध वीस वर्षांचा पास्काल उभा होता. निळा शर्ट हातात होता, अंगात नव्हता.

"सही झालीय त्याची," आलोइझ खाटीक म्हणाला. तो विवाहितांचा कप्तान. "बायको आहे, फ्लॅट आहे, सासू आहे. आणखी काय राहिलं?"

"कोवोच आला का तुझ्या घरी?" एवाल्डमामाने विचारलं. पास्कालचा हा सख्खा मामा बावन्न वर्षांचा, आणि अविवाहितांचा कप्तान. उघड्या पोटावर हात ठेवून तो उभा होता. "नाही ना? लग्नाचा केक घरोघर वाटल्याशिवाय या गावात कुणाचं लग्न लागलंय?"

"तुला काय कळतंय लग्नातलं?"

"म्हणून तर कप्तान आहे."

फादर म्हणाले, "सरकारदरबारी झालंय, माझ्याकडे ऑक्टोबरात व्हायचंय. मला यात ओढू नका."

"याचं सगळंच दोन-दोन!" टपरीपाशी कुणीतरी ओरडलं. "वॉर्सावाले बोलावतायत, जर्मनीवाले बोलावतायत, आता हे दोघं!"

सगळे हसले. पास्काल हसला नाही. एकवीस वर्षांखालच्या संघासाठी दोन्ही देशांचे फोन आले होते आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. पण आत्ता डोक्यात ते नव्हतं. विवाहितांच्या गोलात त्याचे वडील, गिंटर, उभे होते. एकदा त्यांच्या बाजूने खेळायचं, एवढंच त्याला हवं होतं. गिंटरचे गुडघे संपले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. "पुढल्या वर्षी गोलात बकरी बांधतो, तुझ्यापेक्षा उंच उडेल," असं आलोइझ सकाळी म्हणाला, तेव्हा गिंटर नुसता हसला होता. नाही म्हणाला नव्हता.

लहानपणी पास्काल याच गोलामागे बसायचा. मांडीवर टोपी, टोपीत चेरी, पाठीशी कोबीचं शेत. बाबा आठवडाभर जर्मनीत छपरं घालायचे, शुक्रवारी रात्री यायचे, रविवारी पुन्हा जायचे. जत्रेच्या दिवशी मात्र त्यांची पाठ तासभर हक्काने समोर असायची. शर्टावरचा एकचा आकडा आईने हाताने शिवलेला, एका बाजूने सुटलेला. गोल झाला की ती पाठ वळायची, आणि चेंडू काढताना बाबा एक चेरी उचलून तोंडात टाकायचे.

"बाबा," पास्काल म्हणाला, "तुम्हीच सांगा."

गिंटर गोल सोडून लंगडत मध्यापर्यंत आला. त्याने पास्कालच्या हातातला निळा शर्ट घेतला आणि आपल्याच खांद्यावर टाकला.

"तिकडून खेळ."

"पण मला तुमच्याकडून..."

"माझ्याकडून खेळलास तर मला काय दिसणार? तुझी पाठ. ती बघतोच की मी, दरवेळी स्टेशनवर." त्याने हातमोजा दातांनी घट्ट केला. "आज तोंड इकडे करून ये."

"अरे, पण तुझा क्लब?" एवाल्डमामाला आता आठवलं.

"त्यांना सांगू नका."

"सांगतोय कोण? इथे येतंय कोण!"

तीन-तीन झाले होते, तेव्हा पास्काल एकटा सुटला. समोर फक्त बाबा. त्याने पायाच्या आतल्या बाजूने चेंडू हलकेच सरकवला. गिंटरने तो वाकून उचलला, जमिनीवरची पिशवी उचलावी तसा.

"हे काय? भीक घालतोस?"

"बाबा, खेळ चालू आहे."

"फादर, थांबवा. याला परत मारू द्या."

फादरांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"कुठल्या नियमाने?" आलोइझ ओरडला. "तीन-तीन झालेत, फादर!"

"जत्रेच्या नियमाने," फादर म्हणाले.

चेंडू ठेवला गेला. पास्काल मागे मागे गेला. गिंटर मांड्यांवर हात टेकून वाकला. तो चेंडूकडे बघत नव्हता, पास्कालच्या तोंडाकडे बघत होता. टपरीवर सॉसेज करपत होते आणि कुणी उलटत नव्हतं.

पास्कालने मारला. दर शनिवारी भरल्या स्टेडियममध्ये मारायचा, तसा. चेंडू गिंटरच्या बोटांवरून गेला, जुनी जाळी फाडून कोबीत शिरला. गिंटर आडवा पडला आणि पडूनच राहिला.

"बाबा! लागलं का?"

गिंटर आभाळाकडे बघत होता. छाती भात्यासारखी हलत होती.

"असा मारतोस होय," तो म्हणाला. "असा मारतोस तू."

१९८८ च्या जत्रेत, चर्चमधल्या लग्नाला दोन महिने झालेले असतानाही, गिंटर अविवाहितांकडून खेळला होता. विवाहितांच्या गोलात त्याचे वडील होते.