वरचे दोन स्क्रू

रॅम्पचे वरचे दोन स्क्रू पुन्हा गायब होते.

धाकटा उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि समोरच्या बंद दाराला ऐकू जाईल अशी एक सणसणीत शिवी त्यानं हासडली. खालचे दोन स्क्रू जागच्या जागी होते. म्हणजे वरचेच काढायचे, फळी सटकवायची आणि आईला खुर्चीसकट पायऱ्यांवर आपटवायचं. माणसानं किती नीच असावं याला काही सुमार?

समोरच्याला अख्खी इमारत ‘कायदे’ म्हणायची. पायऱ्या सामायिक आहेत, फळी लावाल तर उपटून टाकीन, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धाकट्यानं त्याच्या नाकावर टिच्चून लावली. आता मागे हटायचं नाही, मग काय वाट्टेल ते होवो.

आई चाकाच्या खुर्चीतून वाकून दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. तिचे पाय गेले होते, बाकी सगळं ठणठणीत होतं.

पहिल्यांदा स्क्रू गेले तेव्हा, कुठले लावले होतेस, असं तिनं विचारलं होतं. त्यानं सांगितलं, मायनसचे. ते तर चमच्यानंही निघतात, आई म्हणाली. रेडिओच्या कारखान्यात तिची अख्खी नोकरी स्क्रू आवळण्यात गेली होती, ती बोलली म्हणजे विषय संपला. धाकट्यानं प्लसचे आणले. दोन दिवसांत तेही गेले. प्लसचा स्क्रू ड्रायव्हर तर घरोघरी असतो, दुकानदार म्हणाला. मग षट्कोनी खड्ड्याचे, ॲलन कीनं फिरणारे आणले. आज तेही नव्हते.

हातात उरला होता एक आठवडा. सोमवारी आईला नोंदणी कार्यालयात नेऊन तिची सही घ्यायची होती. घर तिच्या कमाईचं, तिच्याच नावावर. गिऱ्हाईक चांगलं मिळालं होतं, पण ते सोमवारच्या पुढे थांबणार नव्हतं. थोरला लांबच्या शहरातून रोज फोन करून डोकं खात होता. सही झाली की आई धाकट्याकडे, आठव्या मजल्यावर. तिथं लिफ्ट होती. झोपायला हॉलमधला सोफा होता.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. म्हणजे झालंच की. अट मात्र तिनं एक घातली. "मला कुणी उचलायचं नाही. मी काय गोणी आहे? माझ्या चाकांवर उतरेन, नाहीतर उतरणार नाही."

धाकट्याला तेव्हा आईचा फार अभिमान वाटला होता. त्याच संध्याकाळी त्यानं सुताराला फळी कापायला सांगितली.

शनिवारी तो तिसऱ्यांदा दुकानात गेला. दुकानदारानं दोन डब्या काढल्या.

पहिल्या डबीतला स्क्रू आवळता यायचा, उलटा फिरवायला गेलं की नुसता घसरायचा. एकदा बसला की बसला, दुकानदार म्हणाला. लोक खिडकीच्या गजांना लावतात.

"हा नको. सोमवारी फळी काढायचीय. गिऱ्हाइकाला दार मोकळं हवंय."

"मग आजी परत वर कशा जाणार?"

"परत कशाला जायचंय?"

दुकानदारानं पहिली डबी आत ठेवली. दुसरीतल्या स्क्रूच्या डोक्यात सहा पाकळ्यांचा खड्डा होता आणि मधोमध बारीक खुंटी. याला साधं काहीच लागत नाही, सोबतचा बिट, म्हणजे ड्रायव्हरच्या दांड्यात बसवायचं टोकच लागतं, आणि डबीत बिट एकच येतो, असं त्यानं समजावलं. दुसरा मागवायचा तर पंधरा दिवस जातील. धाकटा खूश झाला. कायद्याची चांगली जिरणार होती.

स्क्रू बसवून झाल्यावर त्यानं फळीवर दोन उड्या मारून पाहिल्या. बिट कुठं ठेवावा हा प्रश्न होता, कारण हा प्राणी स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा. त्यानं तो आईच्या हातात दिला. तिनं वाकून स्क्रूच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"झकास आहे," ती म्हणाली. "आमच्या वेळी असले नव्हते."

"जपून ठेव. तुझ्याकडून काही हरवत नाही."

सोमवारी सकाळी गाडी दारात उभी करून धाकटा आला आणि फळीपाशीच थबकला. वरची दोन भोकं रिकामी होती. फळीवर ओरखडा नव्हता, भुसा सांडलेला नव्हता. काम एकदम सफाईदार होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज दार तोडायची वेळ आली तरी बेहत्तर, असं ठरवून तो समोर गेला, हात उगारला आणि तसाच थांबला.

कायद्याच्या दाराला कुलूप होतं. कडीत तीन वर्तमानपत्रं खोचलेली होती. शनिवारचं, रविवारचं आणि आजचं.

धाकटा सावकाश मागे फिरला. आई दारात बसली होती. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. कुंड्यांना पाणी घालून झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "तो बिट कुठाय?"

आईनं मांडीवरची मूठ उघडली. बिट होता. त्याच्या शेजारी दोन मायनसचे होते, दोन प्लसचे, दोन ॲलनचे आणि दोन सहा पाकळ्यांचे.

"घे," ती म्हणाली. "आता पुढचे कुठले आणतोस ते आण."