गोलमधला सत्कार

दुपारी एक वाजता मल्हारी साळवे टेप घेऊन गोलपोस्टाशी गुडघ्यांवर बसले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर त्यांचाच हसरा फोटो फडफडत होता. मांडववाल्याने सत्काराचा बॅनर सरळ गोलच्या आडव्या दांडीला बांधला होता. आणि पुढ्यात, बरोबर पेनल्टी मारतात त्या जागेवर, लाकडी मंच ठोकला होता.

लाउडस्पीकरवर मानपत्राची तालीम चालली होती. "एकतीस वर्षे फुटबॉलची अखंड सेवा! त्यांतली चौदा आशियाई पातळीवर, सामना निरीक्षक म्हणून! कुवेत, ताश्कंद, क्वालालंपूर..." साळवे टेप ओढत राहिले. देवळाली कॅम्पच्या याच मैदानावरून निघालेला हा माणूस त्या सगळ्या गावांत जाऊन नेमकं हेच करून आला होता. सामन्याआधी मैदान स्वतः मोजायचं, मगच सामना सुरू करू द्यायचा. मानपत्रात हे लिहायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

रेषेबाहेर इगतपुरीच्या मुली बूट घालून बसल्या होत्या. आज जिल्ह्याची फायनल होती. त्यांची कॅप्टन संध्या उठून जवळ आली.

"सर, ते म्हनत्यात धा-धा मिनिटंच खेळा, मग सत्कार हाय. धा मिनिटांत काय दाखवायचं? सिलेक्शनवाल्या बाई म्हनल्या, पुरी मॅच झाली तरच नावं लिहिनार. माझं तर शेवटचं वर्ष हाय."

साळव्यांनी टेप गुंडाळली आणि मांडववाल्याला हाक मारली. "मंच उचला."

मंडळाचे अध्यक्ष नवनाथशेठ धावतच आले. "अहो सर, तुमचाच मंच आहे तो!"

"म्हणूनच सांगतोय. अठरा यार्डांच्या आत आहे."

"मॅच नावापुरती ठेवलीय हो. चारला पाहुणे येणार. आज तुमचा मान आहे."

"आज मी निरीक्षक आहे. पत्रिका बघा तुमची."

हे मात्र खरं होतं. निरीक्षकाच्या सहीशिवाय निकाल राज्य संघटनेकडे जात नाही. पत्रिकेला जरा वजन यावं म्हणून मंडळाने त्या जागीही साळव्यांचंच नाव छापलं होतं. म्हातारा खुर्चीत बसून सही ठोकेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. हौस नडली, दुसरं काय!

नवनाथशेठांनी आवाज खाली आणला. "सर, मानद सल्लागारपदाचं पत्र माझ्या खिशात आहे. पाहुण्यांच्या हस्ते द्यायचं होतं. हट्ट केलात तर ते खिशातच राहील."

"राहू द्या. परदेशात एका जनरलची गाडी मैदानाबाहेर काढायला लावलीय मी. तुमच्या तर चार फळ्या आहेत."

मांडववाला अजून घुटमळतच होता. तेव्हा साळव्यांनी सत्कारमूर्तीची गादीची खुर्ची ओढली, अडुसष्टाव्या वर्षी तिच्यावर चढले आणि बॅनरची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. फोटो मातीत पालथा पडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बघणाऱ्यांनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग मांडववाल्याची माणसं मुकाट्याने फळ्या उचलायला लागली.

पावणेतीनला शिट्टी वाजली.

पाहुणे सव्वाचारला आले. मंच कुठेच दिसेना, तेव्हा कोणीतरी त्यांना रेषेबाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांच्या शेजारी मुंबईच्या सिलेक्शनवाल्या बाई मांडीवर वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

नवनाथशेठ शाल आणि नारळाचं तबक घेऊन साळव्यांच्या मागे येऊन उभे राहिले. "सर, पाहुणे खोळंबलेत. आता तरी?"

साळव्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अजून पंधरा मिनिटं. आणि बरोबरी राहिली, तर जादा वेळ तीस."

नवनाथशेठांनी गोलफलकाकडे पाहिलं. शून्य-शून्य. आणि संध्या अजून दमलेली दिसत नव्हती.